यादी का येत नाही? फाइल-वहनाची एक जुनी अडचण

वेदगंगेकाठच्या मुरगूडमध्ये एखादे शिक्षक घरच्या संगणकावरून दूरच्या सर्व्हरवरील फाइल उतरवून घेत आहेत, असे समजा. नाव आणि परवलीचा शब्द मान्य होतो, होकाराचा ‘२३०’ हा आकडाही येतो. पण फाइलींची यादी मागताच काम थबकते आणि थोड्या वेळाने ‘४२५’ उमटतो. दरवाजा उघडला, पण माल बाहेर येईना! दोष सहसा राउटरच्या माथी मारला जातो. खरे कारण जुने आहे.

फाइल-वहनाच्या संकेतांचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा १६ एप्रिल १९७१ रोजी अभय भूषण यांनी लिहिला. कानपूरच्या आयआयटीत शिकून ते अमेरिकेतील एमआयटीत गेले होते. तेव्हाच्या अर्पानेटवर यंत्रे मोजकीच, आणि प्रत्येकाला स्वतःचा पत्ता. पुढे या संकेतांत दोन वाटा ठरल्या: एक आज्ञांची, दुसरी मजकुराची. पोस्टेल व रेनॉल्ड्स यांच्या १९८५ च्या मसुद्यातही नेहमीची रीत हीच होती, की दुसरी वाट सर्व्हरने ग्राहकाकडे उघडायची. त्यासाठी ग्राहक सहा आकडे पाठवतो. उदाहरणार्थ, १९२,१६८,१,५,१९,१३७. पहिले चार म्हणजे पत्ता; शेवटच्या दोनांतून पोर्टचा क्रमांक निघतो: १९ × २५६ + १३७ = ५००१. (वर्गात द्यायला हे गणित छान आहे.)

इंटरनेटचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे फार तर ४,२९,४९,६७,२९६. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी तोडगा मांडला: आतल्या यंत्रांना खाजगी पत्ते द्यावेत, बाहेर जाताना त्यांच्याऐवजी सार्वजनिक पत्ता लावावा. घरचा राउटर आज हेच करतो. पण तो पाकिटावरचा पत्ता बदलतो. आतल्या चिठ्ठीत ग्राहकाने लिहिलेला १९२.१६८.१.५ तसाच राहतो. ‘बोळातले तिसरे घर’ मुरगूडला आहे, कागललाही आहे. सर्व्हरने जायचे कोठे?

काही राउटर चिठ्ठी उघडून आतला पत्ताही दुरुस्त करतात. मात्र जोडणी सांकेतिक लिपीत असेल तर त्यांना ती वाचताच येत नाही.

उपाय मसुद्यातच होता. ‘पॅसिव्ह’ आज्ञा दिली की दुसरी वाटही ग्राहकच उघडतो, आणि आतून बाहेर जाणाऱ्याला राउटर सहसा अडवत नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये स्टीव्ह बेलोविन यांनी हीच रीत वापरावी असे सुचवले होते. त्यांच्यासमोर प्रश्न संरक्षक भिंतींचा होता. म्हणून प्रथम ही निवड तपासावी. तरीही यादी येत नसेल, तर सर्व्हरच्या ‘२२७’ या उत्तरातले सहा आकडे वाचावेत. तेथे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर सर्व्हरही कोणत्यातरी राउटरमागे बसून घरगुती पत्ता सांगतो आहे. ही दुरुस्ती मुरगूडहून होणार नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच कळवावे लागेल.