भंगाराआधीचा टायर

जुलै २०२२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने घातक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती केली आणि टायर बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरची जबाबदारी टाकली. २०२०-२१ मध्ये जेवढे टायर बनवले किंवा आणले, त्याच्या ३५ टक्क्यांइतका वाटा २०२२-२३ मध्ये उचलायचा. पुढच्या वर्षी ७० टक्के आणि २०२४-२५ मध्ये शंभर टक्के, असा हा चढता हिशेब. त्यासाठी कंपनीने गावोगाव फिरायची गरज नाही. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया कारखान्याकडून प्रमाणपत्रे घेतली की झाले. नियम हवाच होता. पण टायर झिजला की कचरा झाला आणि तिथून पुढे पुनर्वापराचा प्रश्न सुरू होतो, असे त्यात गृहीत धरलेले दिसते. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगडच्या किनाऱ्याचा इतिहास वेगळे सांगतो. इथे झिजलेल्या टायरला एकामागून एक गिऱ्हाइके होती. ती मधली गिऱ्हाइके उठून गेली, तेव्हा टायर कचरा झाला.

मुळात या पट्ट्यात टायर आला उशिरा. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट अशा खाड्यांनी तुकडे पाडलेल्या कुलाबा जिल्ह्याची (रायगड हे नाव १९८१चे) मुंबईशी वाहतूक प्रामुख्याने समुद्रातून चाले; १७ जुलै १९४७ रोजी बुडालेली ‘रामदास’ बोट रेवसकडेच निघाली होती. मोटारी थोड्या आणि टायर महाग. त्यात १९४२ मध्ये जपानने मलाया घेतला आणि दोस्तराष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा मुख्य पुरवठा तुटला. हिंदुस्थानातही टायरवर नियंत्रण आले. अशा काळात जुना टायर फेकण्याचा प्रश्नच नव्हता. जगातही हेच घडले होते. १८९९ मध्ये आर्थर मार्क्स याने जुने रबर अल्कलीत शिजवून परत वापरण्याची पद्धत शोधली, ती रबर महाग होते म्हणून चालली. पुढे कृत्रिम रबर स्वस्त झाल्यावर तिचे महत्त्व ओसरले. रबराच्या पुनर्वापराला विवेकापेक्षा बाजारभावानेच जास्त हलवले आहे.

किनाऱ्यावरची पहिली शिस्तबद्ध साखळी उभी राहिली ती एसटीमुळे. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि पुढे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, रोहा, महाड इथे आगारे झाली. रायगड विभागाचे मुख्यालय पेणला आले. महामंडळाने राज्यात टायर रिट्रेडिंगची नऊ केंद्रे उभारली. बसच्या टायरमध्ये रस्त्याला घासतो तो वरचा थर. आतला सांगाडा धड असेल तर किमतीचा मोठा भाग शाबूतच असतो. म्हणून आधी झिजलेला थर यंत्रावर खरवडून काढायचा, सांगाड्यात चीर किंवा फुगवटा आहे का ते पाहायचे, सोल्युशन लावून नक्षीदार पट्टा चिकटवायचा आणि बंद कक्षात काही तास उष्णता व दाब देऊन तो एकजीव करायचा. प्रत्येक टायरला क्रमांक, प्रत्येक क्रमांकापुढे किलोमीटर. पुढच्या चाकाला नवा आणि मागे रिट्रेड केलेला, हा शिरस्ता. रिट्रेडही संपले की भंगाराचा लिलाव. ‘पुनर्वापर प्रकल्प’ असे नाव या व्यवस्थेला कोणी दिले नाही, पण गोळा करणे, तपासणे, नोंद ठेवणे आणि परत रस्त्यावर आणणे ही त्याची चारही अंगे तिच्यात होती.

लिलावातून बाहेर पडलेल्या टायरला खाली आणखी गिऱ्हाइके होती. सुती किंवा नायलॉनच्या धाग्यांवर बांधलेला टायर चांभाराच्या रापीने कापता येई. त्याचे तळ असलेल्या वहाणा खाचरात आणि मिठागरात चामड्यापेक्षा जास्त टिकत. बांधकामावरचे काळे घमेले त्याचेच, पट्ट्या कापून बांधायचे बंदही त्याचेच. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचच्या कडेला आणि मच्छीमार होड्यांच्या बाजूंना धक्का सोसायला टायर लटकले. सायकलचा टायर रिट्रेडच्या वाटेला गेलाच नाही. तो थेट पट्ट्यांमध्ये किंवा काठीने चाक पळवणाऱ्या पोरांच्या हाती गेला. मग रेडियल टायर आला. त्याच्या पट्ट्यात पोलादी तारा असतात. रापीची धार त्यावर बोथट होते आणि तुटलेली टोके हाताला लागतात. त्याच सुमारास प्लास्टिकची घमेली आणि स्वस्त चपला बाजारात आल्या. वहाणा आणि घमेली करणारे गिऱ्हाईक या दोन्ही बाजूंनी दाबले गेले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. टायरच्या वहाणा ही गरिबीची खूण होती. तिचे गुणगान कशाला? ते करूही नये. पण एसटीचे रिट्रेडिंग हा काटकसरी अभियांत्रिकीचा भाग होता आणि विमानांच्या टायरवरही आजतागायत नवा थर चढवला जातो. दुसरा आक्षेप असा, की रेडियलच्या जमान्यात जुनी साखळी चालणारच नाही. कापाकापीपुरते हे खरे आहे. रिट्रेडिंगपुरते नाही, कारण पोलादी सांगाडा नीट सांभाळला तर नवा थर उत्तम पेलतो. तिसरी सूचना अधूनमधून होते: टायर समुद्रात टाकून माशांसाठी कृत्रिम खडक करावेत. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९७२ मध्ये सुमारे वीस लाख टायर असे टाकले गेले. बांधलेले बंद सुटले, टायर लाटांबरोबर फिरू लागले आणि त्यांनी शेजारचा नैसर्गिक प्रवाळ ओरबाडला. ते अजून काढले जात आहेत. होडीच्या कडेचा टायर उपयोगी आहे तो बांधलेला आणि डोळ्यांसमोर असतो तोवरच.

मधली गिऱ्हाइके गेल्यावर उरले शेवटचे, पायरोलिसिसचे. बंद पिंपात हवेविना चार-पाचशे अंशांवर टायर तापवला की भट्ट्यांत जाळायचे तेल, तार आणि काळी भुकटी मिळते. पिंप उघडताना ती भुकटी उडते आणि कामगाराच्या छातीत जाते. राष्ट्रीय हरित लवादासमोर २०१९ मध्ये आलेल्या आकडेवारीनुसार १९ राज्यांतल्या अशा ६३७ कारखान्यांपैकी २७० नियम पाळत नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या पालघरमधल्या वाडा तालुक्यात अशाच एका कारखान्यात स्फोट होऊन दोन महिला आणि दोन मुले दगावली. तिथे युरोपातून आलेले टायर वापरले जात होते, जरी पायरोलिसिससाठी टाकाऊ टायर आणायला २०२२च्या नियमांनी बंदी केली होती. ज्या रायगड जिल्ह्यात न्हावाशेवासारखे आयातीचे बंदर आहे, त्याने हे दुर्लक्षून चालणार नाही. दुसरी विसंगतीही याच जिल्ह्यात दिसते: पाताळगंगेला टायरसाठी लागणारे नवे कार्बन ब्लॅक तयार होते, आणि पायरोलिसिसची भुकटी त्या दर्जापर्यंत पोचवायला आणखी प्रक्रिया लागते. ‘पुनर्प्रक्रिया’ या एका नावाखाली रिक्लेम रबर (जुन्यातून परत मिळवलेले रबर), रस्त्याच्या डांबरात मिसळायचा चुरा आणि जाळायचे तेल एकत्र मोजले, तर स्वस्त आणि घाणेरडा मार्ग पुढे सरकतो.

मग बाजारावर सोडून द्यावे का? भाव असेल तर भंगारवाला टायर उचलतोच, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. ट्रकचा टायर तो उचलतो. स्कूटरचा आणि सायकलचा टायर वाहतूक परवडत नाही म्हणून पंक्चरवाल्याच्या मागे पडून राहतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर असा ढीग जूनमध्ये पाण्याने भरतो आणि डेंग्यूच्या एडिस डासाचे घर होतो. म्हणजे इथे उणीव कारखान्याची कमी आणि मधल्या वाहतुकीची जास्त आहे. ती भरायची तर किनाऱ्यावरच्या योजनेने आगार आणि बंदर हेच संकलनाचे ठिकाण मानावे, ढीग मेअखेर हलवावा, आणि कंपनीकडून येणारा पैसा आधी तपासणी व रिट्रेडिंगला, मग चुऱ्याला आणि सर्वांत शेवटी तेलाला जावा. आजच्या नियमांत रिट्रेड केलेल्या टायरची जबाबदारी पुढे ढकलली जाते, संपत नाही. तत्त्व म्हणून ते बरोबर आहे, कारण तो टायर पुन्हा झिजणारच. पण सांगाडा जपणाऱ्याला त्यातून थेट पैसा मिळत नाही. एसटीने टायरच्या क्रमांकापुढे किलोमीटर लिहिले, तसा हिशेब या योजनेतही आला, तर प्रमाणपत्र नुसत्या टनांचे न राहता टायर किती चालला याचेही होईल.