खळ्यावरचं छप्पर

कोकणातलं घर भिंतींवरून मोजू नये. भिंतींच्या आत माजघर, स्वयंपाकघर, देवाची खोली आणि बाळंतिणीची काळोखी खोली. तिथे माणूस जेवायला, निजायला आणि आजारी पडायला जातो. बाकी सगळं आयुष्य ओटी, पडवी आणि खळ्यात. देशावर ज्याला अंगण म्हणतात ते आमचं खळं. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत दिवाळीपासून रोहिणीपर्यंत घर म्हणजे खळंच. भाताची झोडणी तिथे, तुळशीचं लग्न तिथे, शिमग्यात पालखी येणार तिथे, आणि मुंबईकर पाहुणे निजणार तेही तिथेच.

एवढ्या मोठ्या जागेवर कायमचं छप्पर कोणी घालत नसे. ऐपत नव्हती हे खरं, पण नुसतं तेवढंच नव्हतं. कौलारू घर पुढे वाढवायचं तर पाखी पुढे ओढावी लागते, आणि पाखीला उतार लागतो. आमच्याकडचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. उतार कमी पडला तर पाणी कौलांच्या सांध्यातून आत येतं. म्हणून सुतार सांगायचे, तीन हात पुढे गेलात की दीड हात खाली उतरलात. भिंतीपाशी पाच हात उंची असली तर तीन हात पडवी काढून वळचण साडेतीन हातांवर येते. आणखी तीन हात पुढे गेलं तर ती दोन हातांवर येणार, म्हणजे गुरासारखं वाकून आत शिरायचं. कोकणातल्या पडव्या बुटक्या आणि अंधाऱ्या का, याचं उत्तर या हिशोबात आहे. पडवीच्या पुढे सावली हवी असेल तर एकच मार्ग होता. पाऊस नसताना सपाट छप्पर घालायचं आणि पाऊस यायच्या आत काढून ठेवायचं. त्याचं नाव मांडव.

मांडवाआधी खळं करावं लागे. पावसाने ओरबाडलेली जमीन खणून सपाट करायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने दोन-तीन दिवस चोपायची, मग शेणाने सारवायची. भात झोडून आत गेलं की मांडवाची तयारी सुरू. आमचं खळं अठरा हात लांब आणि बारा हात रुंद. सहा-सहा हातांवर मेढी पुरायच्या, म्हणजे लांबीला चार आणि रुंदीला तीन, एकूण बारा. मेढी म्हणजे डोक्याला बेळकं असलेला खांब. ऐन नाहीतर किंजळीचा असला तर दहा-दहा वर्षं टिकायचा. बेळक्यात आडवे बांबू, त्यावर उभ्याआडव्या चिव्याच्या काठ्या, आणि बांधायला सुंभ नाहीतर केवणीच्या सालीचा दोर. खिळा एकही नाही. खिळ्याने बांबू फाटतो, आणि दोर वैशाखात सोडून पुढच्या वर्षी परत वापरता येतो.

वर झाप. माडाची झावळ आधी वहाळात बुडवून ठेवायची. भिजली की पातं चिवट होतं आणि विणताना तुटत नाही. हे काम बायकांचं. माझी आजी गप्पा मारता मारता झाप विणायची, हाताकडे बघायचीसुद्धा नाही. ज्यांच्याकडे माड नव्हते ते आंब्याचे टाळे नाहीतर पेंढा टाकायचे. त्यांच्या मांडवाला चैत्रात भोकं पडायची आणि सारवलेल्या जमिनीवर उन्हाचे रुपये सांडायचे. आम्ही पोरं ते रुपये मोजायचो.

रोहिणी लागल्या की आजोबा आभाळाकडे बघून म्हणायचे, "चला, मांडव सोडूया." चांगले झाप पडवीला झड म्हणून बांधले जायचे, कारण पश्चिमेचा पाऊस आडवा येतो. कुजके झाप आधीच तरव्याच्या भाजावळीत गेलेले असायचे. बांबू आणि काठ्या चुलीवरच्या माळ्यावर. तिथला धूर खाऊन त्या काळ्याकुळकुळीत व्हायच्या आणि त्यांना भुंगा लागायचा नाही. म्हणजे मांडवाचं सामान पावसाळ्यातही कामावरच असे. रोख खर्च जवळजवळ शून्य.

पण फुकट मात्र नव्हतं. मांडवाची किंमत हातांत मोजली जायची. आमचा मांडव घालायला शेजारची पाच-सहा माणसं यायची, दुसऱ्या दिवशी आमची माणसं त्यांच्याकडे जायची. एखादा आला नाही तर बोलणं व्हायचं नाही, पण लक्षात राहायचं. आणि त्याच्याही आधी एक मांडव असायचा, खोताचा.

आजोबा सांगायचे ते १९३० च्या आसपासचं. खोताच्या खळ्यात मांडव पडल्याशिवाय कुळाने आपल्या खळ्यात मेढी पुरायची नाही. बांबू कुळाच्या बेटातले, हात कुळाचे, आणि मजुरी नाही. त्याला वेठ म्हणत. मांडव घालून झाला की ज्यांनी तो घातला ते त्याच्या सावलीत बसत नसत. खळ्याच्या कडेला उन्हात उभे राहून नारळ-पानसुपारी घ्यायची आणि घरी जायचं. त्यातही जातीप्रमाणे उभं राहण्याच्या जागा ठरलेल्या. काहींनी खळ्यात पाऊलही टाकायचं नाही. गावच्या एकोप्याच्या गोष्टी सांगताना हे गाळून चालणार नाही. तो स्वस्त मांडव कोणाच्या तरी फुकट दिवसांवर उभा होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर गेला, त्यात कोकणातली कुळं होती. विधेयक तेव्हा पास झालं नाही. कायदा आला तो १९४९ साली. "कायदा मी वाचला नाय," आजोबा म्हणायचे, "पण त्या वर्षी आधी आपला मांडव घातला." आमच्या घरात खोती संपल्याची नोंद आहे ती एवढीच.

याच काळात छपरंही बदलत होती. आजोबांच्या लहानपणी घरावर गवत होतं, मग कुंभाराची नळीची कौलं आली. माकडांनी आणि मांजरांनी ती सरकवायची आणि दर वर्षी मे महिन्यात घर शाकारायचं. नंतर आली मंगलोरी कौलं. बासेल मिशनने मंगळूरजवळ जेप्पू इथे १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ही खाचेत खाच बसणारी कौलं गलबतांतून कोकणच्या बंदरांना लागू लागली. आमच्या घरावर ती चढली फार उशिरा, वडील मुंबईला गिरणीत लागल्यानंतर. कौल टिकाऊ, पण जड. त्याला वासे, रिपा, पाटी सगळं मजबूत लागतं. त्यामुळे घर कौलारू झालं तरी खळं मांडवाचंच राहिलं.

गरिबाने मधला मार्ग काढला तो डब्यांचा. रॉकेलचे चौकोनी डबे कापून, ठोकून सपाट करायचे आणि एकावर एक चढवून खिळ्यांनी ठोकायचे. रस्त्याची कामं सुरू झाल्यावर डांबराची पिंपं मिळू लागली. पिंपाचा पत्रा जाड आणि आतून डांबर लागलेला, म्हणून लवकर गंजत नसे. आमच्या वाडीत दोन पडव्या अशा पिंपांच्या होत्या. उन्हात डांबर पाघळायचं आणि खाली बसलेल्याच्या सदऱ्यावर काळा थेंब पडायचा. पण पावसाळ्यात लाकडं सुकी राहायची, शेळी बांधायला जागा व्हायची. ज्याच्याकडे माडही नाहीत आणि मनीऑर्डरही नाही, त्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती.

नळीदार पत्र्याची कल्पना निघाली ती लंडनच्या गोदीत, १८२९ साली. हेन्री पामर नावाच्या इंजिनियरने सपाट लोखंडी पत्र्याला वळ्या पाडल्या. वळी पडली की पातळ पत्राही वाकत नाही. पुढे त्यावर जस्ताचा मुलामा चढला आणि हा पत्रा जगभर पोचला. आमच्याकडे तो पोचला गिरणीच्या बोनसमधून. दिवाळीला चाकरमानी यायचा तो पत्र्यांचा हिशोब घेऊनच. काहींनी सिमेंटचे पत्रे घातले. ते कमी तापतात आणि पावसाचा आवाजही कमी, पण नारळ पडला की फुटतात, आणि त्यातल्या ॲस्बेस्टॉसची भुकटी छातीला वाईट हे लोकांना फार उशिरा कळलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या वाडीत अर्धवट राहिलेल्या पत्र्याच्या पडव्या तशाच राहिल्या. घरी परतलेले गिरणी कामगार बेकार हातांनी झाप विणायला बसले. कधी नव्हे इतके दाट मांडव त्या एक-दोन वर्षांत वाडीने पाहिले. हात मोकळे होते, रोकड नव्हती.

पुढे उलटं झालं. हात कमी होत गेले. पोरं मुंबई-पुण्याला, गावात म्हातारी माणसं. माडावर चढणारा मिळेना. बारा मेढी पुरायला माणूस ठेवायचा तर दोन दिवसांची मजुरी, बांबू विकत, झाप विणणारी बाई नाही. आणि हे दर वर्षी. त्याच्यापुढे लोखंडी पाइप आणि निळा रंगीत पत्रा एकदाच घातला की वीस वर्षं बघायला नको. कागदावर पत्रा स्वस्त ठरला, आणि तो हिशोब चुकीचा नाही. एकटी म्हातारी मांडव कसा घालणार?

आमच्या घरीही ती बैठक झाली. गणपतीला सगळे भाऊ जमलेले. पूर्ण खळ्यावर पत्रा घालायचा, सिमेंटचा कोबा करायचा, गाडीही आत उभी राहील, असं जवळजवळ ठरलं. गावी राहणारी एकटी वहिनी. ती चहाचे कप गोळा करताना थांबली आणि म्हणाली, "भाऊजी, पत्रा घाला, पण माझं ऊन घेऊ नका."

आम्ही सगळे गप्प झालो. आमसुलं, फणसपोळी, कुळीथ, सुपारी, सांडगे, पावसाळ्याआधीची लाकडं, सगळं खळ्यात सुकतं. मांडव असताना त्याची सोय आपोआप होती. झोडणीच्या वेळी खळं उघडं, उन्हाळ्यात झाप चार हात बाजूला सरकवले की वाळवणाला ऊन. पत्रा सरकत नाही. वहिनीची वर्षाची कमाई त्या उन्हावर होती आणि आम्ही तिला न विचारता ते झाकायला निघालो होतो.

शेवटी ठरलं ते असं. पडवीला लागून सहा हात पत्रा, पुढचे सहा हात उघडे, तिथे दर वर्षी हलका मांडव. अनुभवाने काही गोष्टी कळल्या त्या सांगतो, कोणाला उपयोगी पडतील. पत्रा कौलांच्या वळचणीखाली टेकवून न घालता मध्ये वीतभर फट ठेवावी, तापलेली हवा तिथून बाहेर जाते. पत्रा कौलाइतका उतार मागत नाही, त्यामुळे पुढची बाजू डोक्यावर राहते. मात्र पन्हळ लावावी, नाहीतर पाण्याची धार खळं खणून काढते. उन्हाळ्यात पत्र्यावर झावळ्या पसराव्यात, खाली बसवतं. पण पावसाआधी त्या काढाव्यात, ओल धरून पत्रा गंजतो. मांडवावर झाप मिळत नसतील तर रोपवाटिकेची हिरवी जाळी चालते. ती गुंडाळून ठेवता येते, ऊन तोडते. पाऊस मात्र तोडत नाही.

आणि वारा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं. दापोली-मंडणगड भागात आमचे नातेवाईक आहेत. आठवड्याने तिकडे गेलो तर पत्रे माडांच्या शेंड्याला कागदासारखे गुंडाळलेले. तीन बाजूंनी उघडं छप्पर वारा खालून उचलतो. ज्यांनी पाइप नुसते जमिनीत रोवले होते त्यांचे पायासकट गेले, ज्यांनी काँक्रिटमध्ये पुरून पत्र्याला जवळजवळ हूक मारले होते त्यांचे बरेचसे राहिले. मांडव असता तर तोही गेलाच असता. पण उडालेल्या झापाने कोणाची मान कापत नाही, आणि मांडव परत उभा करायला चार बांबू नि दोन दिवस पुरतात.

आता आमच्या अर्ध्या मांडवाला आठ मेढी लागतात. शेजारच्या आंब्याच्या बागेत राखणीला असलेलं नेपाळी जोडपं येऊन तो घालून देतं. पहिल्या वर्षी त्याने बांबूला खिळा मारायला हातोडी काढली, तेव्हा वहिनीने सुंभ पुढे केला. आता तो तिच्यापेक्षा पक्की गाठ मारतो. काम संपलं की दोघं मांडवाखालीच बसतात, वहिनी चहा आणते आणि दोन दिवसांची मजुरी मोजून हातात देते. मांडव आजोबांच्या वेळेपेक्षा महाग पडतो खरा. पण तो घालणारा आता त्याच्याच सावलीत बसतो, म्हणून तो मला महाग वाटत नाही.