शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचं काय झालं?

मंडळी, शस्त्रक्रिया 'यशस्वी' झाली असं आपण म्हणतो, ते कशाच्या आधारावर? टाके सुकले, पेशंट घरी गेला. पण कर्करोग उलटतो तो वर्षा-दोन वर्षांनी, आणि तेव्हा पेशंट कदाचित दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो. म्हणजे ज्यानं कापलं त्यालाच निकाल कळत नाही!

हे बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमनला खुपलं. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड करायचं आणि वर्षानं त्याला पुन्हा तपासायचं, एवढंच त्याचं म्हणणं. १९१४ साली त्यानं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातल्या ३३७ पेशंटांच्या नोंदींतून १२३ चुका मोजल्या, आणि त्या छापल्या. सहकाऱ्यांना हे रुचलं नाही, हे सांगायला नकोच.

आता नॉर्वेकडे येऊ. १९८६ ते ८८ मधल्या रुग्णांची तिथे पाहणी झाली, तेव्हा गुदाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर त्याच जागी रोग परत येण्याचं प्रमाण होतं २८ टक्के. इंग्लंडात बिल हील्ड यांनी दाखवलं होतं की गुदाशयाभोवतीचं चरबीचं वेष्टन न फाडता अख्खं काढलं तर रोग बराच कमी उलटतो. १९९३ पासून नॉर्वेनं ही पद्धत देशभर शिकवली आणि सगळ्या रुग्णालयांच्या नोंदी एका संगणकीय नोंदवहीत घेतल्या. तिथे प्रत्येक नागरिकाला क्रमांक असतो, त्यामुळे पेशंट गाव बदलो की डॉक्टर, माग सुटत नाही. मग प्रत्येक रुग्णालयाला त्याचे आकडे देशाच्या सरासरीशेजारी ठेवून पाठवले. रोग उलटण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना खरी गंमत पुढे दिसते. वर्षाला दहापेक्षा कमी शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांचे निकाल, एकत्र धरले तर, वाईट निघाले. पण त्यातलं एकच रुग्णालय घ्या. आठ पेशंट, दोघांचा रोग उलटला. हा हाताचा दोष, की नशीब, की पेशंटच अवघड होते? आठ आकड्यांवरून कुणीच सांगू शकत नाही. तिथला सर्जन 'आमचं ठीक चाललंय' म्हणाला, तर तो खोटं बोलत नव्हता बरं का! त्याच्या जागेवरून तसंच दिसणार. सगळ्यांबद्दल खरं, पण एकावरही सिद्ध न होणारं असं हे विधान. तरी त्याच्याच बळावर पुढे छोट्या रुग्णालयांतल्या या शस्त्रक्रिया मोठ्या ठिकाणी हलवल्या गेल्या. त्या सर्जनला कोणत्या शब्दांत सांगितलं असेल हो?