बोटांना कळणारा रस्ता

डँडेनॉन्गला लॉन्सडेल स्ट्रीट ओलांडताना सिग्नलच्या खांबावरचे बटण आपण सगळेच दाबतो. पण त्यावरच्या बाणावर बोट टेकवून कधी थांबला आहात? भारतातून आलेल्या आजी-आजोबांना, विशेषतः नजर अधू झालेली असेल तर, हे जरूर दाखवावे.

हे बटण अस्सल ऑस्ट्रेलियन. 1980 च्या दशकात सिडनीत ते घडले. ध्वनितज्ज्ञ लुई चॅलिस यांनी आवाजाची बाजू सांभाळली, तर नीलसन डिझाइन असोसिएट्सने त्याला रूप दिले. थांबायचे असेल तर संथ टकटक, हिरवा लागला की भराभर. रहदारीचा गोंगाट वाढला की आवाजही वाढतो, रात्री सामसूम झाली की आपोआप उतरतो. बिली आयलिशने 2019 मध्ये हाच आवाज 'बॅड गाय' गाण्यात घेतला, हे घरातली मुले सांगतीलच!

माझ्या मते मात्र खरी कमाल स्पर्शाची आहे. बाण उठावाचा असल्यामुळे कोणत्या दिशेने जायचे ते बोटाला कळते, आणि आवाजाच्याच ठेक्यावर तो थरथरतो. म्हणजे ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्यालाही हिरवा दिवा लागल्याचे समजते. त्वचेखालची जी सूक्ष्म अंगे अशी थरथर टिपतात, त्यांचे वर्णन इटलीच्या फिलिप्पो पाचिनी यांनी 1830 च्या दशकातच केले होते. रस्त्यावरच्या खांबापर्यंत यायला त्या ज्ञानाला दीडशे वर्षे लागली.

रेल्वे फलाटांवरच्या उंचवट्यांच्या फरश्या जपानच्या. मित्राची दृष्टी जाऊ लागली म्हणून सेइइची मियाके यांनी त्या शोधल्या; 1967 मध्ये ओकायामाच्या अंधशाळेजवळ प्रथम बसवल्या गेल्या.

सगळेच इथे आधी झाले असे मात्र नाही हं. भारतात 1996 पासून आलेल्या महात्मा गांधी मालिकेच्या नोटांवर अंधांसाठी उठावाच्या खुणा होत्या: शंभरावर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ. ऑस्ट्रेलियात नोटांच्या लांबीत फरक होता, पण हाताला लागणारी खूण आली ती 2016 च्या पाच डॉलरच्या नोटेवर, तीही एका अंध शाळकरी मुलाने याचिका केल्यानंतर. आपल्या कागदी नोटेची अडचण वेगळी. हाताळून हाताळून तो उठाव झिजतो, आणि मुंबईच्या लोकलमध्ये वस्तू विकणाऱ्या अंध विक्रेत्याच्या हाती पडतात त्या बहुधा अशाच फिरलेल्या नोटा.