प्रोपेलर शाफ्ट, पुढचा : घरच्या घरी बदल

प्रोपेलर शाफ्ट, पुढचा : जीप व तिच्या कुळातील वाहनांत ट्रान्स्फर केसपासून पुढच्या आसाच्या हाउसिंगपर्यंत जाणारा पोकळ पोलादी दांडा. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्स्फर केसमध्ये येते, तिथे तिच्या दोन वाटा होतात. मागची वाट मागच्या शाफ्टने जाते आणि पुढची या शाफ्टने. गॅरेजात याला नुसते ‘पुढचा शाफ्ट’ म्हणतात, आणि त्याच्या टोकांवरच्या सांध्यांना ‘क्रॉस’.

नावाचा एक घोळ आधीच मिटवलेला बरा. परदेशी पुस्तिकांत यालाच ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात. आपल्याकडे मात्र ड्राइव्ह शाफ्ट मागितला, की दुकानदार छोट्या मोटारीच्या चाकाकडे जाणारा, रबरी बूट असलेला आडवा दांडा पुढे ठेवतो. मारुती जिप्सीत तर गिअरबॉक्स आणि वेगळ्या बसवलेल्या ट्रान्स्फर केसमध्ये तिसरा, आखूड शाफ्टही असतो. म्हणून सुटा भाग मागवताना मॉडेल, वर्ष आणि ‘ट्रान्स्फर केस ते पुढचे हाउसिंग’ असे पूर्ण सांगावे. शक्य असल्यास जुना शाफ्टच काखोटीला मारून दुकानात न्यावा.

पूर्वपीठिका : कोनात फिरणाऱ्या दोन दांड्यांना जोडणाऱ्या सांध्याला युरोपात इटालियन गणिती जेरोलामो कार्दानो (१५०१–७६) याच्या नावावरून कार्डन सांधा म्हणतात, तर इंग्लंडात रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) याच्या नावावरून हुक सांधा. मोटारीत तो रुळला तो क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकी अभियंत्यामुळे. ग्रीस आत राहील आणि धूळ बाहेर राहील अशा बंदिस्त सांध्याचे पेटंट त्याला १९०३ मध्ये मिळाले आणि पुढच्या वर्षी त्याने उत्पादन सुरू केले. तोवर मोटारींची चाके मुख्यतः साखळीने फिरत. दुसऱ्या महायुद्धातील विलिस एमबी जीपमध्ये स्पायसरचेच सांधे आणि आस होते. १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी विलिस जीप जोडायला घेतली, तेव्हा तीच रचना इथे आली. आज नाशिकला तयार होणाऱ्या थारपर्यंत सुटे भाग कितीतरी बदलले, पण ट्रान्स्फर केसमधून निघून पुढच्या हाउसिंगला जाणारा शाफ्ट कायम राहिला.

युद्धकाळातल्या जीपच्या पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब नव्हते. म्हणजे गाडी फक्त मागच्या चाकांवर चालत असली, तरी पुढची चाके पुढच्या शाफ्टला उलट बाजूने फुकट फिरवत राहत. हे टाळण्यासाठी आर्थर वॉर्न याने अमेरिकेत १९४८ मध्ये हाताने लावायचे-सोडवायचे हब विकायला सुरुवात केली. पुढचा शाफ्ट किती लवकर झिजतो हे आजही हब सुटणारे आहेत की नाही यावर बरेचसे ठरते. हब सुटणारे नसतील, तर ‘मी फोर व्हील वापरतच नाही, मग शाफ्ट कसा झिजला?’ या प्रश्नाचे उत्तर तिथेच असते.

रचना व कलेचा मेळ : शाफ्टचे साधारण चार भाग. मधली नळी, दोन्ही टोकांच्या दुशाखी, म्हणजे योक, त्यांत बसणारे क्रॉस, आणि मध्येच एक दातेरी सरकता सांधा. आस खड्ड्यात वर-खाली होतो तसे हाउसिंग आणि ट्रान्स्फर केसमधले अंतर कमी-जास्त होते. हा सरकता सांधा ते सांभाळतो. क्रॉसच्या चार बाहूंवर चार कप असतात, प्रत्येक कपात बारीक सुयांची बेअरिंग आणि कप बाहेर पडू नये म्हणून लॉक.

आता या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एकेरी क्रॉस कोनात फिरताना पुढच्या दांड्याला एकसारखी गती देत नाही. कोन २० अंशांचा असेल आणि एक बाजू मिनिटाला १००० फेरे या स्थिर गतीने फिरत असेल, तर दुसरी बाजू एका फेऱ्यात दोनदा ९४० पर्यंत मंदावते आणि दोनदा १०६४ पर्यंत वेगावते. ही उचकी घालवायला दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस लागतो. तो पहिल्याची चढ-उतार उलटी करून मिटवतो. पण त्यासाठी दोन अटी आहेत. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, आणि नळीवरच्या दोन्ही दुशाखी एकाच पातळीत, एकाच कलेत (फेजमध्ये) हव्यात. सरकता सांधा वेगळा करून पुन्हा जोडताना एखादा दाता जरी चुकला, तरी हा मेळ बिघडतो. मग नवाकोरा शाफ्ट, नवे क्रॉस, नवे ग्रीस, आणि तरीही गाडी थरथरते. घरी केलेल्या कामात शाफ्ट बदलून गुण आला नाही अशी तक्रार असेल, तर सर्वांत आधी इथे पाहावे.

जिथे कोन मोठा असतो तिथे ट्रान्स्फर केसच्या टोकाला दोन क्रॉस पाठोपाठ लावलेला जोडक्रॉस असतो. १९८४ पासूनच्या जीप चेरोकीत तो आढळतो. अशा शाफ्टात हाउसिंगचा पिनियन, म्हणजे शाफ्टची गती आत नेणारा दातेरी दांडा, जवळजवळ शाफ्टच्याच रेषेत रोखलेला असावा लागतो, कारण त्या टोकाचा एकटा क्रॉस सावरायला दुसरा कोणी नसतो. २००७ नंतरच्या जीप रँग्लरच्या पुढच्या शाफ्टात क्रॉसऐवजी गोळ्यांचा समगती सांधा आला. तो गुळगुळीत चालतो, पण स्प्रिंगा वाढवून गाडी उंच केली की त्याचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडून जाते आणि सांधा कोरडा पडतो.

झिजेच्या खुणा : पहिली खूण कानाला कळते. सावकाश गाडी चालवताना खालून चिमणीसारखी चिवचिव ऐकू येते आणि वेगाबरोबर ती भरभर होते. कपातले ग्रीस संपून सुया कोरड्या घासू लागल्याचा हा आवाज. दुसरी, पुढच्या गिअरमधून रिव्हर्समध्ये टाकताना ‘ठक्क’ असा ठोका. तिसरी, ठरावीक वेगाला येणारी आणि त्यापुढे विरणारी थरथर. गाडीखाली वाकून पाहिले, तर कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसते. तो सुयांचा गंज.

पुढच्या शाफ्टवर आळ घेण्याआधी एक परीक्षा करावी. फोर व्हील हवे तेव्हाच लावायच्या गाडीत पुढचा शाफ्ट पूर्ण काढून ठेवता येतो आणि गाडी मागच्या चाकांवर चालवून पाहता येते. थरथर गेली तर दोष शाफ्टचा. तशीच राहिली तर चाकांचा तोल, मागचा शाफ्ट, गाडीचे माउंटिंग तपासावे. चारही चाके कायम चालवणाऱ्या, मधला डिफरन्शियल असलेल्या गाडीत मात्र ही परीक्षा मधला लॉक लावल्याशिवाय होत नाही. नाहीतर सारी ताकद मोकळ्या टोकाकडे जाते आणि गाडी हलतच नाही.

काढणे : काम अवघड नाही, धोका आहे तो गाडीखाली झोपण्याचा. सपाट, पक्की जमीन निवडावी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. जॅकने पुढचे एक चाक उचलून आसाखाली स्टँड द्यावा आणि वजन स्टँडवर उतरवावे. नुसत्या जॅकवर, विटांवर किंवा स्टेपनीवर टेकलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये असेल तर गिअर किंवा ऑटोमॅटिकचा ‘पी’ गाडी धरून ठेवत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नुकती चालवलेली गाडी असेल तर सायलेन्सरचा पाइप निवू द्यावा. पुढचा शाफ्ट बहुधा त्याच्या शेजारूनच जातो.

बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. पाना लावण्याआधी तारेच्या ब्रशने फ्लँज घासून पांढऱ्या रंगाने किंवा छिन्नीच्या हलक्या टोच्याने खुणा कराव्यात : शाफ्ट व हाउसिंगचा फ्लँज, शाफ्ट व ट्रान्स्फर केसचा फ्लँज, आणि सरकत्या सांध्याच्या दोन्ही अंगांवर. मोबाइलवर फोटो काढले तरी या खुणा टाळू नयेत. ग्रीसने माखलेल्या फोटोत दाते मोजता येत नाहीत.

बोल्ट सोडवताना शाफ्ट पान्याबरोबर फिरू लागतो. त्यावर सोपी तोड आहे. मुख्य गिअर गुंतवून ठेवावा. पाना ओढताना ट्रान्स्फर केस फोर व्हीलमध्ये टाकावी, म्हणजे शाफ्ट अडतो. पुढचा बोल्ट समोर आणायचा तेव्हा टू व्हीलमध्ये टाकून उचललेले चाक हाताने फिरवावे. बोल्टांची डोकी लहान असतात, म्हणून सहा कोनांचा नेमका मापाचा पानाच वापरावा. आधी हाउसिंगचे टोक सोडवावे. सुटलेला शाफ्ट एका क्रॉसवर लोंबकळू देऊ नये, तारेने चासीला बांधावा. कप योकमध्ये पट्टीने धरलेले असतील, तर ते मोकळे होताच त्यांच्याभोवती चिकटपट्टी गुंडाळावी. एक सुई जरी खाली पडली तरी तो कप कामातून गेला. ट्रान्स्फर केसच्या टोकाला फ्लँजऐवजी आत सरकणारे टोक असेल, तर ते ओढताच ऑइल बाहेर येते. खाली घमेले ठेवावे.

शाफ्ट हातात आला की पिनियन हाताने वर-खाली हलवून पाहावा. तिथे खेळ जाणवला किंवा सील गळताना दिसले, तर खरा आजार हाउसिंगमध्ये आहे आणि नवा शाफ्टही फार दिवस टिकणार नाही. पिनियनचा मोठा नट मात्र घरी सोडू नये. त्या नटावर आतल्या बेअरिंगचा दाब ठरलेला असतो.

क्रॉस की पूर्ण शाफ्ट : नळी सरळ, दाते घट्ट आणि दुशाखीची भोके गोल असतील तर नुसते क्रॉस बदलणे पुरते. लॉक काढून, व्हाइसमध्ये एका बाजूला छोटा आणि दुसऱ्या बाजूला मोठा सॉकेट धरून जुना कप दाबून काढतात; नवा तसाच बसवतात. सुया ग्रीसने जागेवर चिकटवून ठेवाव्यात. लॉक शेवटपर्यंत बसत नसेल तर हातोडा उगारू नये; बहुतेक वेळा एक सुई कपाच्या तळाशी आडवी पडलेली असते. ग्रीसचे निप्पल गन पोहोचेल अशा बाजूला ठेवावे.

नळी चेपलेली, पिळलेली किंवा दाते खिळखिळे असतील तर पूर्ण शाफ्ट बदलावा. चेपलेल्या नळीवर वेल्डिंगचा तुकडा मारून काम भागवणे चुकीचे आहे. शाफ्टचा तोल नळीला चिकटवलेल्या लहान पत्र्यांनी साधलेला असतो. वेल्डिंगनंतर तो यंत्रावर पुन्हा घ्यावाच लागतो.

बसवणे : नवा शाफ्ट जुन्याशेजारी जमिनीवर ठेवून पूर्ण मिटलेली व पूर्ण ताणलेली लांबी पडताळावी. गाडी चाकांवर उभी असताना सरकत्या सांध्याला दोन्हीकडे जागा उरली पाहिजे. फ्लँजची तोंडे स्वच्छ पुसावीत. रंगाचा पापुद्रा किंवा मातीचा कणही शाफ्ट वाकडा बसवतो. दुशाखी एका पातळीत आहेत हे डोळ्यांनी पाहून, खुणा जुळवून, सर्व बोल्ट आधी हाताने लावावेत आणि मग समोरासमोरचे आळीपाळीने टॉर्क पान्याने आवळावेत. आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतलाच घ्यावा. कपाच्या पट्ट्या आणि त्यांचे बोल्ट नवेच वापरावेत. हे बोल्ट बारीक असतात आणि जोर लावून आवळले तर कप दाबला जाऊन नवा क्रॉस आठवड्यात तापतो.

मग लिथियमचे, दोन नंबरचे ग्रीस चारही कपांच्या कडेने डोकावेपर्यंत भरावे. सरकत्या सांध्यात मात्र बेताने. तिथे ठासून भरलेले ग्रीस सांध्याला मिटू देत नाही.

पहिली फेरी टू व्हीलमध्ये, नंतर फोर व्हीलमध्ये, पण मातीवर. मधला डिफरन्शियल नसलेल्या गाडीत कोरड्या डांबरावर फोर व्हील लावले की वळणावर पुढच्या व मागच्या चाकांची वाट वेगळी होते आणि तो पीळ नव्या क्रॉसवर बसतो. शे-दोनशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने पाहावेत.

कोकणात वाळूवर आणि सह्याद्रीतल्या ओढ्यांत चालणाऱ्या गाड्यांचे क्रॉस आधी गंजतात, मग झिजतात. पाणी कपात शिरते ते ताजे ग्रीस भरल्याशिवाय बाहेर पडत नाही. म्हणून गाडी पाण्यातून काढली, की त्याच आठवड्यात तिच्याखाली ग्रीस गन घेऊन जावे.