इतिहासाच्या वाटेवर : मे सॉटचा खड्यांचा बाजार आणि रत्नागिरीचा राजा

चहाचा कप जवळ घ्या, मुलं घरात असतील तर त्यांनाही बोलवा. आज जायचंय थायलंड आणि म्यानमारच्या सीमेवर, मे सॉट नावाच्या गावी. पण सुरुवात आमच्या घरातल्या एका अंगठीपासून करते.

माझं आजोळ रत्नागिरीचं. आजीच्या फडताळात एक पितळी डबा होता आणि त्यात लाल खड्याची एक अंगठी. आजी ती दसऱ्याला घालायची आणि दर वेळी सांगायची, "हे थिबा राजाचं माणिक हो. माझ्या सासऱ्यांनी सोनाराकडून घेतलेलं." रत्नागिरीच्या जुन्या घरांत अशी गोष्ट सांगणारी आमची आजी काही एकटी नव्हती. पुढे आईमार्फत ती अंगठी माझ्याकडे, इथे इंग्लंडमध्ये आली. गेल्या हिवाळ्यात थायलंडला जायचं ठरलं, तेव्हा मनात आलं, जिथे बर्मी माणकं विकायला येतात तिथल्याच माणसाला हा खडा दाखवावा. म्हणून मे सॉट.

बँकॉकहून मे सॉट सुमारे पाचशे किलोमीटर. शेवटचा रस्ता डोंगरातून वळणं घेत जातो आणि वाटेत तपासणी नाके लागतात. शिपाई बसमध्ये चढतो, एकेकाचे कागद बघतो. माझा पासपोर्ट त्याने नुसता उघडून मिटला. पुढच्या बाकावरच्या मुलाला मात्र खाली उतरवलं. बस त्याला न घेताच निघाली. हा मुलगा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

गावाच्या पश्चिमेला मोई नदी. नदी कसली, कोरड्या दिवसांत आपल्या कोकणातल्या ओढ्याएवढी! पलीकडे म्यानमारचं म्यावडी. दोन्ही गावांना जोडणारा मैत्री पूल १९९७ साली खुला झाला. मणिपूरच्या मोरे गावाहून निघून म्यानमार ओलांडणारा भारत-म्यानमार-थायलंड महामार्गही इथेच पोचायचा आहे. म्हणजे कागदावर तरी ही आपल्या शेजारच्या गल्लीची दुसरी बाजू.

खड्यांचा बाजार गावाच्या मधोमध, प्रासात विथी रस्त्याच्या आसपास भरतो. काचेची कपाटं आणि गालिचे डोळ्यांसमोर आणू नका. लहान लहान टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर पांढरा कागद किंवा ताटली. लुंगी नेसलेले पुरुष, गालाला थनाकाचा पिवळसर लेप लावलेल्या बायका. खडे कागदाच्या पुड्यांत, आपल्याकडे वैद्य चूर्ण बांधून देत तशा. पुडी उघडते, चिमटा पुढे होतो, भिंग डोळ्याला लागतं, टॉर्च पेटतो, पुडी मिटते. सगळ्यात जास्त माल हिरव्या जेडचा. तो येतो म्यानमारच्या उत्तरेकडच्या कचिन प्रांतातून, फाकांतच्या खाणींतून. २ जुलै २०२० रोजी याच फाकांतमध्ये मातीचा ढिगारा कोसळून दीडशेहून अधिक माणसं गेली. टाकलेल्या मातीत उरलेसुरले खडे शोधणारी गरीब माणसं होती ती. टेबलावरचा गुळगुळीत हिरवा मणी हातात घेताना ते आठवलं आणि मी तो खाली ठेवला.

माणकं येतात मुख्यतः मोगोकहून. मंडालेच्या ईशान्येला, सुमारे दोनशे किलोमीटरवर डोंगरात वसलेलं हे खोरं. बर्मी भाषेत माणकाला 'पदम्या' म्हणतात, ऐकताना आपला पद्मराग आठवतो. मोगोकची माणकं जगात नावाजली ती त्यांच्या लाल रंगामुळे. व्यापारी त्याला 'कबुतराच्या रक्ताचा रंग' म्हणतात. जुन्या काळी या खाणींवर राजाची मालकी असे. खणणाऱ्याला बारीक माल ठेवता येई, मोठा खडा मात्र राजाला द्यावा लागे.

मग मोगोकचं माणिक इतक्या दूर, थायलंडच्या सीमेवर का येतं? १९६२ साली बर्मामध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि त्या दशकात खाणी आणि खड्यांचा व्यापार सरकारने आपल्या हातात घेतला. खणणारे होते, घेणारे होते, मधला उघडा रस्ता तेवढा बंद झाला. मग माल डोंगरातून, लपूनछपून सीमेकडे निघाला. सीमेपलीकडे थाई व्यापारी तयारच होते. चांथाबुरीच्या कारागिरांनी तर खडा भट्टीत तापवून त्याचा रंग खुलवण्यात नाव कमावलं. अशा व्यवहारातून मे सॉटसारखी गावं खड्यांची पेठ झाली.

आता मंडळी, मोगोकहून रत्नागिरीला येऊ. हा रस्ता मुंबईवरून जातो! १८६३ साली मुंबईत 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' नावाची इंग्रजांची कंपनी निघाली. ती बर्मातल्या जंगलांतून सागवान काढत असे. ठरल्यापेक्षा जास्त लाकूड नेलं आणि पैसे बुडवले, असा ठपका ठेवून १८८५ साली थिबा राजाच्या दरबाराने कंपनीला सुमारे २३ लाख रुपये दंड केला. इंग्रजांना निमित्त मिळालं. बर्मात फ्रेंच पाय रोवतील ही भीती होतीच, आणि माणकांच्या खाणी कुणाला नको असतात? नोव्हेंबरमध्ये इंग्रज फौजा इरावती नदीतून वर सरकल्या आणि दोन आठवड्यांत मंडाले पडलं. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी राजा थिबा आणि राणी सुपयालत यांना बैलगाडीतून नदीकाठी नेऊन बोटीत बसवलं. राजा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता.

त्या गडबडीत राजघराण्याच्या खजिन्यातलं एक माणिक नाहीसं झालं. त्याचं नाव 'न्गा मौक'. राजवाड्यातले दागिने सांभाळून ठेवण्यासाठी म्हणून कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याच्या हवाली केले आणि ते परत मिळाले नाहीत, असं थिबाचं शेवटपर्यंत म्हणणं होतं. ते माणिक आजवर कुठे सापडलेलं नाही. पुढे १८८९ साली लंडनमध्ये 'बर्मा रुबी माइन्स' कंपनी उभी राहिली आणि मोगोकच्या खाणी तिच्याकडे गेल्या.

थिबाला आधी मद्रासला आणि मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. गंमत बघा, रत्नागिरी म्हणजे रत्नांचा डोंगर, पण तिथे रत्नांची एकही खाण नाही. रत्नं आली ती या कैदी राजाच्या पेट्यांतून. सरकारी तनखा पुरत नसे, कर्ज वाढत होतं. मग एकेक दागिना विकला जाई, आणि गरजवंताच्या मालाला भाव कमीच मिळतो. आज आपण पाहतो तो थिबा पॅलेस बांधून झाला १९१० साली, म्हणजे राजा येऊन चोवीस वर्षं झाल्यावर. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा रत्नागिरीतच वारला. राणीला १९१९ साली मायदेशी परतता आलं. थोरली राजकन्या परत गेली खरी, पण पुन्हा रत्नागिरीलाच आली. तिथल्याच गोपाळ सावंत यांच्यापासून तिला झालेली मुलगी टूटू. ती रत्नागिरीत वाढली, मराठी बोलली, मराठी घरात संसार केला आणि २००० साली तिथेच वारली. बर्माच्या शेवटच्या राजाची नात आपल्यासारखीच भाषा बोलत होती!

आणखी एक योगायोग. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. १९०८ ते १९१४ ते कैदेत होते मंडालेला. तिथला तुरुंग थिबाच्या जुन्या राजवाड्याच्या तटाच्या आतच होता. तिथेच त्यांनी 'गीतारहस्य' लिहिलं. म्हणजे ती सहा वर्षं मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत. दोघांनाही कैदेत ठेवणारं सरकार एकच.

आपण इंग्लंडमध्ये राहतो, म्हणून हेही सांगते. मंडालेहून आणलेली राजचिन्हं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात होती. १९६४ साली ती बर्माला परत केली गेली. त्या देशाने त्यातला हंसाच्या आकाराचा सोन्याचा विड्याचा डबा या संग्रहालयाला भेट म्हणून दिला. मुलांना घेऊन गेलात तर तो जरूर बघा. नेलेली वस्तू परत देता येते, हे त्यांना दाखवायला तो बरा पडेल.

आता परत मे सॉटच्या बाजारात. एका वयस्कर व्यापाऱ्यासमोर मी अंगठी ठेवली. त्यांचे वाडवडील कधीकाळी हिंदुस्थानातून बर्मात गेलेले, आणि हे स्वतः बर्मातून इथे आलेले. मोडकी हिंदी येत होती. मी त्यांना चाचा म्हटलं, तर ते मला बेटी म्हणाले. आधी त्यांनी अतिनील टॉर्च मारला. खडा निखाऱ्यासारखा लाल चमकला. मी खूश! मी वाचलं होतं की बर्मी माणकं अशी चमकतात.

चाचा हसले. म्हणाले, "बेटी, बर्मी खडा चमकतो हे खरं. पण कारखान्यातला याहून जास्त चमकतो." मग भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि मलाही दाखवलं. खड्याच्या आत बारीक, वळणदार रेषा होत्या, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. जमिनीत तयार झालेल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ आणि कोनात असतात. वळणदार रेषा म्हणजे खडा ज्योतीत वितळवून बनवलेला. वेर्नुई नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली ही कृती जाहीर केली. घटक तेच, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड आणि रंगासाठी किंचित क्रोमियम. कठीणपणाही तोच. काही वर्षांतच असे खडे जगभरच्या सोनारांकडे पोचले. मोगोकच्या त्या लंडनच्या कंपनीलाही त्यांचा फटका बसला, आणि १९२५ साली तिने गाशा गुंडाळायला घेतला.

म्हणजे आमचं माणिक थिबा राजाचं नव्हे. पणजोबांना सोनाराने फसवलं, की त्यालाच कुणी फसवलं होतं, की राजाचं नाव नंतर आमच्याच घरात चिकटलं, कोण सांगणार? मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आजी आता नाही, तिला सांगावं लागलं नाही हे बरं, असंही क्षणभर वाटलं.

चाचांनी अंगठी पुसून परत दिली आणि विचारलं, "विकायची होती?" मी नाही म्हटलं. तपासणीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्यांच्या टेबलावर पाच-सहा पुड्या होत्या. मी विचारलं, "हा माल कसा येतो?" ते म्हणाले, "खड्याला कुणी कागद विचारत नाही. मला विचारतात." इतकी वर्षं मे सॉटमध्ये राहूनही त्यांना नाक्यापलीकडे, बँकॉककडे जायचं तर परवानगी लागते. बसमधून उतरवलेला मुलगा मला तेव्हा आठवला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. एप्रिल २०२४ मध्ये म्यावडीत लढाई पेटली, तेव्हा हजारो माणसं मोई नदी ओलांडून मे सॉटला आली. त्याच वर्षी जुलैमध्ये तांग बंडखोरांच्या सेनेने मोगोक जिंकून घेतलं. खाणीचा मालक पुन्हा एकदा बदलला. राजा, कंपनी, लष्कर, बंडखोर, खाण कुणाचीही असो, खडे बाहेर पडतच असतात. अडकतात ती माणसं. थिबा तीस वर्षं रत्नागिरीत अडकला आणि त्याची माणकं त्याच्या आधी गावोगाव पोचली.

आपण सगळेच एक सीमा ओलांडून आलोय, मंडळी. आपल्याकडे कागद होते म्हणून सुखाने आलो. ते नसते तर काय झालं असतं, हे मे सॉटच्या त्या नाक्यावर दिसतं.

अंगठी मी विकली नाही, डब्यातच आहे. फक्त डब्यात आता एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर लिहिलंय : खडा कारखान्यातला. आजी दसऱ्याला घालायची. थिबा राजाची म्हणायची, पण तशी नाही. माझ्या लेकीच्या हाती जाईल तेव्हा तिला खरं काय ते कळावं, आणि आजीही कळावी.

तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, आणि तिच्याबरोबर आलेली एखादी गोष्ट. घरातली मोठी माणसं आहेत तोवर ती विचारून घ्या, लिहून ठेवा, आणि जमलं तर पडताळूनही बघा. पुढच्या सुट्टीत कोकणात गेलात तर थिबा पॅलेसला नुसते फोटो काढून परतू नका. थोडा वेळ थांबा. समोरची खाडी आणि पलीकडचा समुद्र बघत एक माणूस तिथे घराची वाट पाहत होता, हे मुलांना सांगा.