पिशवीतला कवड्या

११ सप्टेंबर २००१ म्हटलं की न्यूयॉर्कचे दोन टॉवर आठवतात. त्याच दिवशी सकाळी, ती विमानं उडायच्या कितीतरी तास आधी, उत्तर म्यानमारमधल्या रात बाव नावाच्या खेड्यात एका अमेरिकन माणसाने सापाच्या पिशवीत हात घातला.

जो स्लोविन्स्की. वय ३८, कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसमधला सर्पतज्ज्ञ. माणूस नवखा नव्हता. म्यानमारमधले साप, सरडे, बेडूक नोंदवायला तो पुन्हा पुन्हा तिथे जायचा. थुंकणाऱ्या नागाची एक नवी जात त्याने २००० साली सहकाऱ्यासोबत जगापुढे आणली होती.

पिशवीत होता एक लहानसा पट्टेदार साप. हातात पिशवी देणाऱ्या सहकाऱ्याला तो डायनोडॉन वाटला होता. म्हणजे बिनविषारी, फक्त मण्यारीसारखा दिसणारा. जोने न बघता हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटाला मण्यार लटकत होती.

(कुणी ‘टेस्ट केलंय’ म्हटलं की मीही कोड उघडून बघत नाही. त्यामुळे त्याला निष्काळजी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.)

मण्यारीच्या दंशाला फारशी आग नसते, सूज नसते. विष स्नायूंपर्यंत जाणाऱ्या नसांची टोकं निकामी करतं. पापण्या जड होतात, बोलणं जातं, शेवटी श्वास थांबतो. डोकं मात्र जागं असतं. जोला हे सगळं पाठ होतं. पुढे काय होणार आणि काय करायचं, हे त्याने स्वतःच सोबत्यांना सांगून ठेवलं: श्वास थांबला की तुम्ही द्यायचा, विष उतरेपर्यंत. हॉस्पिटलात हेच काम व्हेंटिलेटर करतो आणि माणसं वाचतातही. इथे जवळ ना व्हेंटिलेटर, ना रस्ता. मदत मागायला माणसं काही मैल धावत गेली. हेलिकॉप्टर निघालं, पण पावसामुळे उतरू शकलं नाही.

मग सोबत्यांनी तोंडाने श्वास दिला. आळीपाळीने, दुपारभर, रात्रभर. जो आधी चिठ्ठ्या लिहीत होता, नंतर फक्त पायाचं बोट हलवून उत्तर देत होता. पुढे तेही थांबलं. रेडिओवर न्यूयॉर्कची बातमी आली, तेव्हाही श्वास देणं चालूच होतं. १२ तारखेला दुपारी त्याचं हृदय थांबलं.

डायनोडॉन हा गट शास्त्रज्ञ आता लायकोडॉनमध्ये धरतात. लायकोडॉन म्हणजे आपला कवड्या. आपल्याकडे पावसाळ्यात घरात शिरणारा, आणि मण्यार समजून काठीने मारला जाणारा. म्हणजे गफलत तीच, फक्त आपल्याकडे जीव कवड्याचा जातो. आपल्या मण्यारीचे पट्टे डोक्याकडे पुसट होत जातात, कवड्याचे शेपटीकडे. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग दिसली तर ती मण्यार. अर्थात हे मी फोनवर फोटो झूम करून शिकलोय. रात्री मोरीत, टॉर्चच्या उजेडात ओळखायची वेळ आली, तर मी दार ओढून घेईन आणि सर्पमित्राला फोन लावीन.